कसं भाजलं?

पहाटेचे पावणेसहा. मुलीचं दूध, नवऱ्याचा डबा, माझी साडेसातची शाळा. स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि उंबऱ्यातूनच उजवा हात आत घालून ट्यूबलाइटचं बटण दाबलं. मी केलं ते एवढंच. पुढच्या दीड वर्षात ते इतक्या जणांना सांगावं लागलं आणि इतक्या कागदांवर लिहून द्यावं लागलं, की आता सांगताना पाढे म्हणतेय असं वाटतं.

आवाज मला आठवत नाही. हे कुणालाच खरं वाटत नाही. आठवतो तो उजेड, निळसर आणि जमिनीलगतचा, आणि मग मी हॉलमध्ये शोकेसला टेकून बसलेली. उडून तिथे कशी पोचले ते माहीत नाही. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं एमआयडीसीत पुन्हा काहीतरी उडालं. डोंबिवलीत मोठा आवाज झाला की आधी तेच मनात येतं. २६ मे २०१६ च्या स्फोटात आमच्याही इमारतीच्या काचा गेल्या होत्या.

आमच्या वेळी, म्हणजे डिसेंबर २०१९ मध्ये, उडालं ते आमचंच स्वयंपाकघर. पेपरात "सिलिंडरचा स्फोट" असं छापून आलं. सिलिंडर बिचारा ओट्याखाली जसाच्या तसा उभा होता. अग्निशमन दलाच्या साहेबांनी नवऱ्याला नंतर समजावलं की घरात बहुतेक वेळा सिलिंडर फुटतच नाही, साठलेला गॅस पेटतो. आदल्या रात्री दहाला सिलिंडर संपला, नवऱ्याने दुसरा लावला. त्याच्या तोंडाशी आत रबराची बारीक रिंग असते, ती खराब होती, आणि रेग्युलेटरच्या सांध्यातून रात्रभर गॅस झिरपत राहिला. हा गॅस हवेपेक्षा जड. तो खाली बसतो, पाणी तुंबावं तसा साठत जातो. थंडी म्हणून खिडकी बंद, झुरळं हॉलमध्ये येतात म्हणून दारही बंद. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळतात. पण मला चार दिवस सर्दी होती. नाक चोंदलेलं होतं, एवढ्यावर सगळं ठरलं.

सासूबाई, म्हणजे आई, आतल्या खोलीत माझ्या मुलीजवळ झोपल्या होत्या. त्या धावत आल्या. माझ्या अंगावर सुती गाऊन आणि वर लोकरीसारखा दिसणारा स्वस्तातला स्वेटर होता. सुती कापड पेटलं तिथे जळलं, स्वेटर मात्र वितळून हातांना चिकटला. आईंनी सोलापुरी चादर माझ्यावर टाकली आणि मग आत जाऊन रेग्युलेटर बंद केला. बासष्ट वर्षांची बाई, पेटलेल्या पडद्याखालून. त्यांच्या उजव्या कानशिलावरचे केस त्यात गेले. ते केस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

शेजारी जमले. एकीने टूथपेस्ट आणली, एकीने दही. कुणीतरी शाईची बाटली शोधत होतं, २०१९ साली! चौथ्या मजल्यावरचा नर्सिंग शिकणारा मुलगा सगळ्यांना बाजूला सारून मला न्हाणीघरात घेऊन गेला आणि नळाखाली बसवून घड्याळ लावलं. वीस मिनिटं. बर्फ नाही, मलम नाही, नुसतं नळाचं वाहतं पाणी. मी थंडीने कुडकुडत होते आणि तो म्हणत होता, "वहिनी, अजून सात मिनिटं." नंतर बर्न्सच्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुणी घातलं? त्याला माझा नमस्कार सांगा म्हणाले.

जवळच्या नर्सिंग होमने दारातूनच सांगितलं, आम्ही बर्न्स घेत नाही. नुसतं सलाईन लावून देता का विचारलं, तर तेही नाही. मग रुग्णवाहिका, कल्याण-शिळ रस्ता, शिळफाट्याची कोंडी. नवी मुंबईत भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते.

तिथे पहिलं काम मोजमापाचं. डोकं नऊ टक्के, एक हात नऊ टक्के, एक पाय अठरा, असा शरीराचा हिशेब असतो. माझा चेहरा, दोन्ही हात कोपरांच्या वरपर्यंत, दोन्ही नडग्या धरून अठ्ठावीस टक्के भरले. मग गणित: चार मिलिलिटर गुणिले वजन गुणिले टक्के. माझं वजन अठ्ठावन्न किलो. साधारण साडेसहा लिटर सलाईन चोवीस तासांत, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. आणि ते आठ तास दवाखान्यात आल्यापासूनचे नाहीत, भाजल्यापासूनचे. म्हणजे शिळफाट्याच्या कोंडीतले धरून. नर्सिंग होमने नाकारलेली ती सलाईनची बाटली तेव्हा मला आठवली. भाजलेल्या अंगातून पाणी रक्तवाहिन्यांबाहेर पाझरत राहतं, वेळेवर भरलं नाही तर मूत्रपिंडं बसतात. म्हणून तासातासाला लघवी मोजत होते. तीस मिलिलिटर झाली की सिस्टर खूश.

दुसरं काम दागिन्यांचं. हात सुजायला लागले होते. अंगठी कापली. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या सुजेत रुतत होत्या. निवासी डॉक्टर मुलगी म्हणाली, "सिस्टर, बांगड्या फोडा." पडद्यापलीकडून आईंचा आवाज आला, "फोडा नाही म्हणायचं. वाढवा म्हणा." ती डॉक्टर बहुधा मराठी नसावी, तिला वाटलं बांगड्यांची संख्या वाढवायला सांगतायत. सिस्टरने तिला काहीतरी समजावलं आणि गॉज धरून एकेक बांगडी चेपली. मला हसायला येत होतं, पण ओठ हलत नव्हते.

नाकात काजळी होती, नाकातले केस जळलेले, आवाज बसलेला. श्वासनलिका आतून सुजली तर नळी घालावी लागेल म्हणून दोन दिवस कुणीतरी सतत उशाशी. नळी लागली नाही.

*

आता जबाबाचं सांगते. ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

आपल्याकडे भाजलेली बाई दवाखान्यात आली की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, सलाईन आणि संशय. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. बर्न्स वॉर्डात मी सदतीस दिवस काढले आणि शेजारच्या खाटांवर काय काय ऐकलं ते मला माहीत आहे. स्टोव्हचा भडका उडाला असं सांगणाऱ्या सगळ्याच बायकांचा स्टोव्ह भडकलेला नसतो. त्यामुळे पोलीस केस होते, हवालदार येतो, आणि टक्के जास्त असतील तर कार्यकारी दंडाधिकारी येऊन जबाब घेतात. रुग्ण शुद्धीवर आहे आणि जबाब देऊ शकतो, असं डॉक्टर त्या कागदावर लिहून देतात. नातेवाइकांना बाहेर काढतात. ती बाई पुढे वारली तर तोच कागद मृत्युपूर्व जबाब म्हणून कोर्टात उभा राहतो. मी जगले, म्हणून माझा तो नुसता जबाब.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"पाच."

दंडाधिकाऱ्यांचं पेन थांबलं. लग्नाला सात वर्षं पुरी व्हायच्या आत बाई जळाली तर कायदा वेगळ्या नजरेने बघतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना होतं.

मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी गप्प राहिले. पुन्हा विचारलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते उठून जवळ आले, हळू आवाजात, मायेने काहीतरी म्हणाले. मी मान हलवली, कशाला ते मला ठाऊक नाही. माझ्या कानात तेव्हा हजार रातकिडे ओरडत होते आणि त्यापलीकडे माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी बोलत होती. ते जितक्या हळुवारपणे विचारत होते तितकं मला कमी ऐकू येत होतं. नंतर कळलं, प्रश्न होता, "सासूने काही केलं का?" आणि मी गप्प.

बाहेर आईंना बाकावर बसवून हवालदार विचारत होता, तुमचे हे केस कसे जळाले?

सुटका केली ती एका वॉर्डसिस्टरने. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून तिच्या हातून वाटी पडली, सगळा वॉर्ड दचकला आणि मी नाही दचकले. तिने माझ्या मागे उभं राहून टाळी वाजवली. मग डॉक्टरांना बोलावलं. कानात बघितलं तर दोन्ही पडदे फाटलेले. स्फोटात हवेच्या दाबाची जी लाट येते ती सगळ्यात आधी कानाच्या पडद्याला गाठते, तो शरीरातला सगळ्यात नाजूक पडदा. पण मी आले ती "भाजलेली" म्हणून. त्यामुळे सगळ्यांनी कातडी बघितली, कान कुणी बघितलेच नाहीत. पाठीत शोकेसच्या काचा होत्या त्याही दुसऱ्या दिवशी सापडल्या, एक्स-रेत. स्फोट म्हणजे भाजणं, फेकलं जाणं, काचा घुसणं आणि ती न दिसणारी लाट, असं चार बाजूंनी एकदम येतं. हे मला कानाच्या डॉक्टरांनी पाटीवर लिहून समजावलं. ऐकू येईना म्हणून माझ्या उशाला पाटी-पेन्सिल ठेवली होती. पहिली-दुसरीच्या बाईंना!

दुसऱ्या दिवशी दंडाधिकारी पुन्हा आले. प्रश्न पाटीवर. मी मोठ्याने, बहुधा फारच मोठ्याने, उत्तरं दिली: गॅस होता, बटण मी दाबलं, सासूबाईंनी मला विझवलं. सगळ्या वॉर्डने ऐकलं. सही करायला हात नव्हते, दोन्ही बँडेजमध्ये. मग पायाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. मी बी.ए. डी.एड. आहे.

आई त्या दिवशी संध्याकाळी खाटेजवळ आल्या आणि नेहमीप्रमाणे पाण्याची बाटली भरून ठेवली. हवालदाराबद्दल एक शब्द नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

*

ड्रेसिंगबद्दल फार लिहीत नाही. ज्याने ते सोसलं आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याला सांगून उपयोग नाही. आधी इंजेक्शन देत. त्याच्या गुंगीत एकदा मला छताचा फळा झालेला दिसला आणि त्यावर कुणीतरी चुकीची बाराखडी लिहिलेली. मी म्हणे ओरडून दुरुस्त करत होते.

चेहरा दोन आठवड्यांत आपोआप भरत आला, तिथलं भाजणं वरवरचं होतं. नडग्या आणि हातांची पाठ खोल. दहाव्या दिवशी जळालेली कातडी तासून काढली आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. ती यंत्रातून काढून जाळीसारखी करतात, म्हणजे थोडी कातडी जास्त जागा झाकते. आजही माझ्या नडगीवर ती जाळी दिसते, मासळीच्या जाळ्यासारखी. गंमत अशी की लावलेली जागा दुखत नाही, काढलेली मांडी दुखते. ठेच लागून ढोपर खरचटतं तसं, पण वीतभर रुंद. पाचव्या दिवशी पट्टी उघडली. डॉक्टर वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "घेतलंय." शेतात रोप लावल्यावर म्हणतात तसंच. डाव्या हाताच्या करंगळीजवळ रुपयाएवढ्या जागी नाही घेतलं, तिथे पुन्हा केलं.

माझ्याकडे मांडी तरी होती. समोरच्या खाटेवरची बाई साठ टक्के भाजलेली, तिची स्वतःची चांगली कातडी पुरेना. तिला मयत माणसाने दान केलेली कातडी तात्पुरती लावली. ती कायमची राहत नाही, शरीर काही आठवड्यांनी टाकून देतं. पण तेवढ्या दिवसांत पाणी आणि जंतू अडवते, माणसाला वेळ मिळतो. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे, हे मला सायनलाच दहा वर्षं राहूनही माहीत नव्हतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवलं तर पथक घरी येऊन मांड्या आणि पाठीची वरची पातळ त्वचा घेतं. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली की ती पाच वर्षांपर्यंत टिकते. आईंनी हे सगळं तिथल्या समाजसेविकेकडून ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हातारीची चालते का?" चालते.

खाण्याचंही एक प्रकरण होतं. भरून येण्यासाठी प्रथिनं लागतात, डॉक्टरांनी लिहून दिलं, रोज आठ अंड्यांचा पांढरा भाग. आमच्या सासरी माळ. घरात अंडं कधी आलं नव्हतं. पुढे घरी आल्यावर आईंनी गॅलरीत वेगळी इलेक्ट्रिक शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं आणि माळ काढली नाही. पांडुरंगाला काय सांगितलं ते त्यांचं त्यांना माहीत.

*

घरी आले तेव्हा रथसप्तमी जवळ आली होती, हळदीकुंकवाचे शेवटचे दिवस. बायका तिळगूळ घेऊन मला बघायला आल्या. बघायलाच. वॉर्डात आरसे नसतात, त्यामुळे माझा चेहरा मला आधी त्यांच्या चेहऱ्यांवरून कळला. पांढरे-तांबडे डाग, भुवया नाहीत. प्रत्येकीचा प्रश्न तोच, "कसं भाजलं गं?" आणि विचारताना आवाज उतरायचा, डोळे स्वयंपाकघराकडे जायचे, जिथे आई चहा करत असायच्या. मी म्हणायचे, "स्फोट झाला." मुद्दाम मोठ्याने. "भाजलं" म्हटलं की पुढे "कुणी" येतो. "स्फोट" म्हटलं की निदान गॅसवर येतो. हा शब्दांचा फरक मी त्या महिन्यात शिकले आणि अजून पाळते.

डॉक्टरांच्या लेखी मी बरी झाले होते, जखमा बंद झाल्या होत्या. खरं काम तिथून सुरू झालं. नवी कातडी आकसते. ती आपल्या मर्जीने बोटं वाकवून, ओढून ठेवते, आणि आपण दुखतं म्हणून हलवलं नाही तर हात कायमचा तसाच राहतो. रात्री हातांना प्लास्टिकची झाकणं असावीत तशा स्प्लिंट, म्हणजे बोटं सरळ धरून ठेवणारे कडक साचे, बांधायच्या. दिवसा मापाचे घट्ट हातमोजे आणि पायमोजे, दाबाचे, म्हणजे व्रण जाड आणि टणक होऊ नयेत. चोवीस तासांतले तेवीस तास, वर्षभर तरी. सैल पडले की नवे. डोंबिवलीचा एप्रिल-मे आठवा आणि त्यात कोपरांपर्यंत इलॅस्टिक. माझी तीन वर्षांची मुलगी आंघोळीच्या वेळी विचारायची, "आई, आज हात काढणार?"

आणि खाज. दुखण्याबद्दल सगळ्यांनी आधी सांगितलं होतं, खाजेबद्दल कुणीच नाही. मुंग्यांचं वारूळ कातडीच्या आत असावं तशी, रात्री जास्त. खाजवलं की नाजूक कातडी फाटते. गोळ्या होत्या, दिवसातून चारपाच वेळा मॉइश्चरायझर चोळायचं होतं. त्यापेक्षा कामाला आली ती थेरपिस्टची युक्ती: खाजवू नका, थोपटा. नवरा रात्री दोन-दोन वाजता झोपेत माझ्या नडग्या थोपटायचा, मूल निजवावं तसा. तो त्या वर्षात फारसं बोलला नाही. सिलिंडर त्याने लावला होता. मी त्याला कधी काही म्हटलं नाही, आणि तेही बहुतेक त्याला जड गेलं असावं.

फिजिओथेरपीला जायला लागून सहा आठवडे झाले आणि टाळेबंदी आली. २२ मार्चला लोक थाळ्या वाजवत होते. मी गॅलरीत उभी होते, हातमोजे घालून, आणि दोन थाळ्या एकमेकींवर आपटायची ताकद बोटांत नव्हती. पण त्या वर्षाने माझ्यावर एक उपकारही केला. सगळं गावच तोंड झाकून हिंडू लागलं. भाजीच्या गाडीवर माझा मास्क कुणाच्या डोळ्यात येईना, हातमोजेसुद्धा नाहीत. उलट एका काकूंनी विचारलं, कुठून घेतलेत हो?

थेरपिस्ट फोनवर व्हिडिओतून व्यायाम घ्यायची. मूठ मिटायची आणि बोटांची टोकं तळव्यापासून किती लांब राहतात ते पट्टीने मोजायचं. सुरुवातीला साडेचार सेंटिमीटर. व्यायामाची माती मिळेना, दुकानं बंद. मग कणीक. रोज अर्धा तास कणीक तिंबायची, सोडायची, पुन्हा तिंबायची. शेंगा सोलायच्या, कपडे वाळत घालायचे चिमटे एकेका बोटाने दाबायचे, मुलीचे चड्डी-बनियन पिळायचे. जून संपता संपता दोन सेंटिमीटर, दिवाळीला एक. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. खडू धरता येतो.

उजव्या कानाचा पडदा तीन महिन्यांत आपोआप जुळून आला, लहान भोकं बरेचदा जुळतात. तोवर आंघोळीला कानात व्हॅसलीनचा बोळा, पाण्याचा थेंब जाता कामा नये. डाव्याचं भोक मोठं. त्याचं ऑपरेशन कोविडमुळे लांबत फेब्रुवारी २०२१ मध्ये झालं. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याला लावतात. ऐकू येतं आता. पण आतली नस जेवढी दुखावली तेवढी दुखावली, तिथे ठिगळ चालत नाही. बारीक, उंच आवाज गेले ते गेलेच. "स", "श", "च" मला ओठ बघून कळतात. वर्गात पोरं मास्क घालून बोलायला लागली तेव्हा माझी पंचाईत झाली. आणि रातकिडे आहेत, रोज. कुकरची शिट्टी त्यांच्यात मिसळून जाते, त्यामुळे शिट्ट्या मोजायचं काम मुलीकडे आहे.

दिव्याच्या बटणाचं मात्र मला लाज वाटेल इतके दिवस चाललं. कुठल्याही खोलीत शिरताना बटण दुसऱ्या कुणीतरी दाबायचं, मी नाही. समुपदेशकाकडे आठ वेळा गेले. तिथेही त्यांनी पहिल्या भेटीत विचारलंच, "घरात सगळं ठीक आहे ना?"

*

पैशांचं थोडक्यात. खर्च सव्वापाच लाखांवर गेला. आपल्या नावावरच्या अधिकृत गॅसजोडणीवर तेल कंपन्यांनी काढलेला अपघात विमा असतो, त्याचा वेगळा हप्ता आपण भरत नाही. उपचारांसाठी माणशी दोन लाखांपर्यंत, एका अपघातात सगळ्यांचं मिळून तीस लाख, मृत्यू झाला तर सहा लाख, घराच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत. आमच्या वितरकाने आधी "असं काही नसतं" म्हणून हात झटकले. नवऱ्याने लेखी कळवून पोच घेतली, मग त्यांना आठवलं. पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला, सगळी मूळ बिलं, गॅसचं पुस्तक, आणि नळी आयएसआय शिक्क्याची होती याचा पुरावा. ती केशरी नळी आम्ही वेळेवर बदलली होती आणि तिचं बिल आईंनी पोथीत जपून ठेवलं होतं. चौदा महिन्यांनी पैसे आले. आता सिलिंडर आणणाऱ्या मुलाला आमच्याकडे सील काढून, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे दाखवल्याशिवाय आई जिना उतरू देत नाहीत. गळतीसाठी असलेला १९०६ हा नंबर त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय, हातभर मोठा. नव्या रंगावर.

पंचनाम्याची प्रत आणायला आम्ही दोघी चौकीत गेलो होतो. नवीन हवालदार, कागद चाळता चाळता माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "नक्की गॅसच ना, मॅडम?" आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी म्हटलं, तुमच्याच कागदावर माझ्या पायाचा अंगठा आहे, बघा.

मोजे कायमचे सुटले ते जुलै २०२१ मध्ये. त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती. बाकाच्या एका टोकाला नऊवारीतली एक बाई एकटी बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. आत तिची सून होती. कोपऱ्यात मुलीच्या माहेरची माणसं घोळका करून उभी होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. बघत होते ते चोरून. खरं काय होतं, मला माहीत नाही.

आई उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. पिशवीतून डबा काढला. मला काही ऐकू येत नव्हतं, ओठ दिसले तेवढं कळलं. काय झालं, कसं झालं, असं काहीच त्यांनी विचारलं नाही. त्या विचारत होत्या, सकाळपासून काही खाल्लंत का.